टेपचं दुसरं टोक

मेलेल्या माणसाचा फ्लेक्स आमच्याकडे तासाभरात मिळतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सला अर्धा दिवस जातो, कारण वाढदिवसाचा माणूस जिवंत असतो आणि स्वतःचा रंग मनासारखा गोरा होईपर्यंत तो माझ्या खुर्चीमागून हलत नाही. मयत माणसाच्या काही अटी नसतात. म्हणून भिमाजी अण्णांना, म्हणजे आमच्या मालकांना, श्रद्धांजलीचं काम जास्त आवडतं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना फक्त शांतता आवडते.

मी अमृत. मूळचा जामखेडकडचा, आता नगरच्या केडगावात अण्णांच्या दुकानात डिझाईन करतो. शहराचं नाव बदललं तेव्हा आम्हाला जेवायला फुरसत नव्हती, एवढं काम आलं. अजूनही निम्मी गिऱ्हाईकं 'नगर' म्हणतात, निम्मी 'अहिल्यानगर', आणि माणूस ज्या गावात जन्मला त्याच गावात वारला हे लोकांना पटावं म्हणून आम्ही दोन्ही नावं टाकतो.

आमच्या धंद्याचे दोन नियम आहेत. पहिला, खाली चेहरे लागतात. वाढदिवस असेल तर 'शुभेच्छुक', मयत असेल तर 'शोकाकुल'. चेहरे तेच, फक्त गॉगल काढायचा. पोरांना "फोटो पाठव" म्हटलं की पाठवतात, कशाला ते विचारत नाहीत. दुसरा, त्यांच्यातला जो भाऊ असेल त्याचं तोंड इतरांपेक्षा मोठं टाकायचं. नाहीतर तो दुकानात येतो.

मार्चमधली गोष्ट. सकाळी दुकान उघडलं, मशीन गरम व्हायला लावलं, तर नव्या नंबरवरून एक ऑर्डर येऊन पडलेली. डीपी नाही, नाव नाही.

"भावपूर्ण श्रद्धांजली. सहा बाय चार. फोटो जोडला आहे. नाव कै. अनिमेष यज्ञेश्वर मुळे. तारीख नंतर कळवतो."

अनिमेषला मी तासाभरापूर्वी नळावर पाणी भरताना पाहिलं होतं. मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्याने राहतो. कैलासवासी माणूस हंडा उचलत नाही, एवढं मला कळतं. शिवाय जाताना त्याने मला "येतो रे, अम्र्या" म्हटलं होतं. रोज तो मान हलवतो आणि निघतो. त्या दिवशी बोलला, तेही थांबून.

मला वाटलं, हे समर्थचं काम.

समर्थ कोण, ते सांगतो. अनिमेषच्या कॉलेजातला, वयाने मोठा, तिसऱ्या वर्षाला तिसऱ्यांदा बसलेला. कॉलेजच्या गेटसमोर त्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, त्यात तो एका पांढऱ्या गाडीतून उतरतोय. गाडी त्याची नाही. मीच टाकली. गेल्या दिवाळीनंतर समर्थच्या पोरांनी इन्स्टावर 'साहिल' नावाचा एक मुलगा तयार केला. हा साहिल तीन जण मिळून चालवायचे. एकाला कविता जमायची, दुसऱ्याला इमोजी, तिसरा नुसता वाचून हसायचा. अनिमेष त्याच्याशी कित्येक आठवडे बोलला. आपल्याला मुलं आवडतात हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा ज्या माणसाला सांगितलं, तो माणूस म्हणजे तिघं जण होते.

मग साहिलने त्याला कॉलेजच्या मागच्या मैदानावर बोलावलं. तिथे मोबाईल धरून सगळी मंडळी बसलेली. व्हिडिओ अगदी छोटा आहे. अनिमेष इस्त्रीचा शर्ट घालून येतो, समोरच्या पोराला विचारतो, "तू साहिल?" आणि हसणं सुरू होतं. बाकी काही नाही.

त्यानंतर केडगावात कुणीही त्याला नावाने हाक मारली नाही. कँटीनमध्ये "तू साहिल?" रिक्षा स्टँडवर "तू साहिल?" प्रॅक्टिकलला बाकावर बांगड्या, त्याही त्याच्या मापाच्या, म्हणजे कुणीतरी दुकानात उभं राहून अंदाज बांधला असणार. एकदा किराणा दुकानात चौथीतलं पोर त्याच्याकडे बघून म्हणालं, "तू साहिल?" त्या पोराला अर्थ माहीत नव्हता. त्याला वाटलं, नमस्कारासारखं काहीतरी असेल.

घरी कळलं होतं. सुनीती काकू, म्हणजे त्याची आई, प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्या म्हणाल्या, "लक्ष देऊ नकोस." वडील, यज्ञेश्वर गुरुजी, अमरधामला, म्हणजे शहराच्या स्मशानात, दहाव्याचे विधी सांगतात. ते म्हणाले, "डिग्री होईपर्यंत दम धर." मी काय केलं? मी विनोद केले. मला तेवढंच येतं.

तर मी मोबाईल घेऊन समर्थकडे गेलो. तो टपरीवर क्रीमरोल खात होता.

"हे काय आहे?" मी स्क्रीन पुढे धरली.

त्याने वाचलं. परत वाचलं. मग असा हसला की क्रीमरोल शर्टावर. "आयला! कुणाचं डोकं हाय हे?"

"तुझं नाही?"

"न्हाई ना राव. मला सुचलं पायजे हुतं." त्याला खरंच वाईट वाटत होतं. "पण लई भारी हाय. थांब, हलू नको." आणि त्याने माझ्या स्क्रीनचा फोटो काढला.

"समर्थ, मस्करी नको."

"ए फ्लेक्सवाल्या, तू सोताच मस्करी करून खातो. गाडी कुणी दिली मला?" पोरं हसली. मी परत आलो.

दुकानात येऊन मी फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडला, नुसता बघायला. चांदबीबी महालाच्या डोंगरावरचा होता. वारा होता, अनिमेषचे केस उडालेले, डोळे बारीक केलेले. कडेने कापलेला. कापताना डाव्या खांद्यावर कुणाची तरी बोटं अर्धवट राहिली होती, आणि एका बोटात तांब्याची अंगठी.

मी माझ्या हाताकडे बघितलं. तांब्याची अंगठी.

तो फोटो आम्ही दोघांनी काढला होता. दोनच मोबाईलमध्ये होता. माझ्याकडून तो कुणाला गेला नव्हता.

मशीन गरम झालं होतं. ते गरम झालं की शिट्टी वाजवतं, तशी वाजली. मी अण्णांना म्हणालो, "अण्णा, ही ऑर्डर त्यानेच दिलीय."

"कुणी?"

"मयतानेच."

अण्णांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर घेतला. वीस वर्षं धंदा केला, पण हे त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं. ते म्हणाले, "मग गिऱ्हाईक सोडू नको. बोलत राहा. काय वाटेल ते बोल, पण बोलत राहा." आणि दुकानाचं शटर त्यांनी स्वतः अर्धं खाली ओढलं.

अनिमेषचा नेहमीचा नंबर बंद होता. नव्या नंबरवर फोन लावला, तो कापला. मग मी टाईप केलं.

"ऑर्डर मिळाली. खाली शोकाकुल कोण कोण टाकू?"

बराच वेळ काही नाही. मग, "कोणी नको."

"रिकामं ठेवता येत नाही. वारा भरतो, फ्लेक्स उडतो."

"चेहऱ्यांनी वारा अडतो?"

"आजपर्यंत तरी अडलाय."

मी खुर्चीच्या काठावर बसलो होतो. अण्णा माझ्या खांद्यावरून वाचत होते आणि त्यांचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता.

"लावायचा कुठे?" मी विचारलं.

"कॉलेजच्या गेटसमोर. समर्थच्या शेजारी."

"जागेचं माप घ्यावं लागेल."

"घे की."

"टेपला दोन टोकं असतात. एक आम्ही धरतो, दुसरं गिऱ्हाईकाने धरायचं. दुकानाचा नियम आहे."

'टायपिंग' दिसलं. गेलं. परत दिसलं. परत गेलं. त्या तीन हलणाऱ्या ठिपक्यांकडे मी जेवढं बघितलंय तेवढं बारावीच्या पेपराकडे बघितलं नव्हतं.

"असा नियम नाही."

"आजपासून आहे."

"वेळ लागेल?"

"टोक नीट धरलंस तर नाही."

मग आलं, "येतो."

तो शिक्षिकेचा मुलगा. दुसऱ्याचं काम आपल्यामुळे अडलेलं त्याला सहन होत नाही. पोरगं मरायला निघालं तरी त्याला वाटत होतं की दुकानाचा खोळंबा नको.

अण्णांनी त्यांची स्कूटर दिली. मी स्टीलचा टेप आणि कटर खिशात टाकला, आणि निघताना काकूंना शाळेत फोन केला. "काकू, कॉलेजच्या गेटवर या. लगेच. नाही, अपघात नाही. अजून काहीच झालेलं नाही, म्हणूनच या."

गेटसमोर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. रस्त्याच्या पलीकडे मुक्ताबाईंचं रसवंतीगृह, घुंगरू वाजतायत, दोन गिऱ्हाईकं. अनिमेष आधीच आला होता. सकाळचाच शर्ट, पाठीवर सॅक. मी आधी त्याचा चेहरा बघितला. रडका वगैरे नव्हता. परीक्षा संपल्यासारखा दिसत होता.

"कुठलं टोक?" त्याने विचारलं.

मी त्याच्या हातात टेपचं टोक दिलं आणि मागे सरत गेलो. टेप आमच्या मधे ताणला गेला. मग आम्ही दोघांनी वर बघितलं.

जागा रिकामी नव्हती.

समर्थच्या पांढऱ्या गाडीशेजारी नवा फ्लेक्स लागला होता. शाईचा वास अजून येत होता. दुसऱ्या दुकानाचं काम, घाईतलं. मधे अनिमेष, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, भोवती झेंडूचा हार. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली त्याचं नाव. नावाखाली तारीख, त्याच दिवसाची. आणि त्याखाली शोकाकुल मित्रपरिवार, सगळी टोळी, कशाला ते न विचारता पाठवलेले फोटो. कोपऱ्यात हात जोडलेला समर्थ, नियमाप्रमाणे सगळ्यात मोठा.

अनिमेषने सगळं वाचलं. अगदी खालच्या दुकानाच्या नंबरापर्यंत.

"मला तारीख टाकायला जमत नव्हतं," तो म्हणाला. "त्यांनी टाकली."

आणि त्याने टेपचं टोक सोडलं.

स्टीलचा टेप सोडला की तो सापासारखा परत येतो. माझ्या बोटाला कापलं. तो वळून चालायला लागला, रस्त्याच्या कडेने, अगदी सावकाश. मी धावत जाऊन त्याची सॅक धरली. मला शंभर विनोद येतात. त्यातला एकही आला नाही. जे दुसरं कुणी बोललं असतं तर मी 'जरा गप, असलं काही बोलू नये' म्हणालो असतो, तेच तोंडातून निघालं.

"अन्या, तू जीव द्यायचं ठरवलंयस का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही. कित्येक महिने कुणीतरी पत्ता विचारावा म्हणून उभा असलेला माणूस विचारल्यावर बघतो, तसा बघत होता.

"हो."

"आज?"

"आज."

कसं, तेही त्याने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. माझं बोट त्याच्या सॅकवर रक्ताचे डाग पाडत होतं. "तुला लागलंय," तो म्हणाला.

"व्हय. तू टोक सोडलंस म्हणून. आता रसवंतीत चल आणि दाबून धर."

तो आला. मुक्ताबाईंनी विचारलं, "बर्फ घालू का?" त्यांना कुणी मेलं काय, जगलं काय, बर्फाचं आधी कळायला लागतं. अनिमेष माझ्या बोटाला रुमाल दाबून बसला. "घरच्यांचं सुटेल रे," तो हळूच म्हणाला. "बाबांना अमरधामला लोक विचारतात. आई स्टाफरूममध्ये एकटी डबा खाते. एक दिवस रडतील. मग सुटतील."

तेवढ्यात काकू आल्या. हाताला खडू तसाच. शाळेच्या ग्रुपवर फ्लेक्सचा फोटो त्यांच्याआधी पोचला होता, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं. आपली दुचाकी त्यांनी स्टँडवर लावली नाही, सोडून दिली. ती आडवी पडली. त्या फ्लेक्सकडेच निघाल्या होत्या, मी हाक मारली. त्यांनी वळून अनिमेषला बघितलं. जवळ येऊन त्याच्या तोंडावरून, कानावरून, केसांवरून हात फिरवला. त्याच्या गालावर खडूचे पट्टे उठले.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, सॅक उघडली, त्यातली एक वस्तू काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. मग मला म्हणाल्या, "ते फाड."

"काकू, फ्लेक्स फाटत नाही. आम्ही तेच सांगून विकतो."

त्यांनी हात पुढे केला. मी कटर दिला. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चढल्या आणि कापायला लागल्या. फळ्यावर पट्टीने चौकट आखतात तशी सरळ. फोटो, हार, नाव, तारीख, सगळं एका तुकड्यात. तो तुकडा घडी घालून त्यांनी काखेत घेतला, खाली उतरल्या आणि मुलाशेजारी येऊन बसल्या. "लक्ष देऊ नकोस म्हणाले होते ना मी," त्या म्हणाल्या. "मीच दिलं नाही."

आता पुढचं जे झालं ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच आधी दिसायला हवं होतं. मला दिसलं नाही.

फ्लेक्सला मधे मोठं चौकोनी भोक पडलं होतं. त्यातून मागची बाभळ दिसत होती. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' तसंच. आणि उरलेल्या चेहऱ्यांत सगळ्यात मोठा चेहरा समर्थचा. रस्त्यावरून मोटारसायकलवर जाणारा माणूस किती वाचतो? श्रद्धांजली वाचतो आणि मोठं तोंड बघतो.

आधी एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने कपाळाला हात लावला, फोटो काढला, गेला. मग दोघं जण. मग मुक्ताबाईंकडे रस प्यायला आलेला एक जण फोनवर म्हणाला, "आरं तो समर्थ गेला की! न्हाई न्हाई, फ्लेक्स लागलाय म्हणतो ना. शेजारी वाढदिवसाचा बी हाय. काय सांगावं, हसतखेळत पोरगं."

अनिमेषने मान वर केली.

समर्थ स्वतः पायी आला. टोळी मागे. आपला फ्लेक्स कसा चाललाय ते बघायला आला असणार. रस्त्यातल्या दोघा-तिघांनी त्याला बघितलं आणि बाजूला झाले. एक म्हातारा रामराम करायला हात वर करून तसाच थांबला. समर्थ भोकासमोर उभा राहिला. त्याला हसायचं होतं, तोंड तयारही झालं होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने स्पीकरवर घेतला, सवयीने.

तो आवाज मी लिहू शकत नाही. बाईचा होता, एवढं कळत होतं. त्यात शब्द नव्हते. मधेच "समर्था" असं काहीतरी यायचं आणि ते परत फुटायचं. मागे भांडी पडली. कुणीतरी "धरा, धरा त्यांना" ओरडलं.

"मम्मी," समर्थ म्हणाला. "मम्मी, मी हाय. आगं मी बोलतोय. हाय मी." पण तिकडे कुणी ऐकत नव्हतं. फोन उचलून कानाला लावण्याच्या अवस्थेत तिकडे कुणी नव्हतं. फोन नुसता चालू होता. तो ओरडायला लागला, "मी हाय! मम्मी, मी हाय!" भर रस्त्यात, स्वतःच्या दोन फ्लेक्समधे उभा राहून.

मला वाटलं होतं मला मजा येईल. आली नाही. घुंगरू थांबले होते. मुक्ताबाईंनी चरक बंद केला होता.

अनिमेष ऐकत होता. त्याने माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं की रक्त थांबलं. तो काकूंकडे बघत होता. काकू घडी घातलेला तुकडा छातीशी धरून बसल्या होत्या.

"आई," तो म्हणाला, "असं होतं?"

काकूंनी मान डोलावली.

समर्थ घराकडे पळत सुटला. पोरं मागे राहिली. त्यांना कुणीकडे जावं कळेना.

आता काय करायचं, ते आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं. मी वर बघितलं, देवाकडे नाही, उन्हाकडे. रसवंतीच्या छताला जुना फ्लेक्स बांधला होता. नगरमध्ये फ्लेक्सचा पुनर्जन्म छत म्हणूनच होतो. हा आमच्याच दुकानातला होता, सरकारी कामाचा, उलटा बांधलेला. मनाच्या त्रासासाठी मोफत फोन करा, कधीही. टेलिमानस, १४४१६. त्या फ्लेक्सखाली बसून मी वर्षभर रस प्यायलो होतो.

मी मान वाकडी करून नंबर लावला आणि फोन अनिमेषच्या हातात दिला. पलीकडे एक बाई होत्या. त्या काय विचारत होत्या ते ऐकू येत नव्हतं. त्याचं एवढंच. "हो. हो, आजच. नाही, आत्ता एकटा नाही." मग, "मुलं आवडतात मला." तो हे आईसमोर बोलला. काकूंनी त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

गुरुजी अमरधामवरून तसेच आले, ओल्या धोतरात. तिथे कुणीतरी त्यांचंच सांत्वन केलं होतं. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग फोन मागितला आणि त्या बाईंना म्हणाले, "मी वडील. मला दहाव्या दिवसाचं सगळं पाठ आहे हो. त्याच्या आधीचं काही येत नाही. काय करू ते सांगा. लिहून घेतो." आणि खरंच पेन शोधायला लागले, धोतरात.

त्या दिवसापासून तो एकटा झोपत नाही. कधी गुरुजी खाली गादी टाकतात, कधी मी. जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांकडे जातो, गोळ्या चालू आहेत. काकूंनी तो तुकडा प्राचार्यांच्या टेबलावर उलगडून ठेवला आणि तक्रार नोंदवली जाईपर्यंत उठल्या नाहीत. समर्थ कॉलेजला येत नाही. बाकीची येतात. परवा रिक्षा स्टँडवर कुणीतरी पुन्हा म्हणालं, "तू साहिल?" अनिमेष घरी आला तेव्हा परत तो परीक्षा संपल्यासारखा चेहरा होता. त्या रात्री गुरुजी, काकू आणि मी, तिघंही जागे होतो. ते गेलेलं नाही. ते कुठेतरी शेजारीच भाड्याने राहतं, असं समजून आम्ही राहतो.

आणि त्याची ऑर्डर आमच्याकडे अजून पडून आहे. गिऱ्हाईकाने 'ओके' म्हटल्याशिवाय आम्ही छापत नाही. हा मात्र खरा नियम आहे. मी त्याला रोज संध्याकाळी प्रूफ पाठवतो. कधी बॅकग्राऊंडला उसाचा ट्रॅक्टर, कधी समर्थची पांढरी गाडी. शोकाकुलमध्ये एकदा मी मुक्ताबाईंचा चरक टाकला. तो उत्तर देतो, "ट्रॅक्टर नको." "चरकाने वारा अडतो का?" ज्या दिवशी उत्तराला उशीर होतो, त्या दिवशी अण्णा न सांगता स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवतात.

काल उशीर झाला होता. किल्ली माझ्या हातात होती तेव्हा मेसेज आला.

"फोटो बदल. मूळचा घे. न कापलेला."

मी मूळचा उघडला. डोंगर, वारा, तो आणि मी, त्याच्या खांद्यावर माझा अख्खा हात. मी हार लावून बघितला. बसेना. एका हारात दोघं मावत नाहीत आणि एकट्याला घातला तर माझ्या दंडावरून जातो.

मी कळवलं, "या फोटोवर श्रद्धांजली होत नाही."

"मग राहू दे," त्याने लिहिलं. "उद्या बघू."